शार्क वाचवण्यात जनुकशास्त्राचं काम काय, आणि ते सांगलीत बसून होईल का?

तुम्ही विट्याचे, सांगलीत प्राणिशास्त्राचं एम.एस्सी. करताय. नामशेष व्हायला आलेले शार्क जनुकशास्त्राच्या मदतीनं वाचवतात असं कुठंतरी वाचलंत आणि तीन गोष्टी विचारल्यात: हे क्लोनिंग असतं का, समुद्र नसलेल्या जिल्ह्यात बसून यात काही करता येईल का, आणि यावर पोट भरेल का. मी साताऱ्याची. माझं बरंचसं काम कृष्णा-कोयनेतल्या माशांच्या डीएनएवर झालंय, शार्कचे नमुने मधूनमधून हाताखालून गेलेत. लिहिते ते त्या जोरावर. खोल समुद्रात शार्कला टॅग कसा लावतात हे मला विचारू नका.

क्लोनिंगचं आधी उरकून टाकू. नाही. आज शार्कसाठी जे काम चाललंय त्यात ना क्लोनिंग आहे, ना जनुकांची कापाकापी. त्याची गरजही नाही. शार्क कमी झाले ते त्यांच्या जनुकांत खोट होती म्हणून नव्हे, तर मासेमारीमुळे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार खुल्या महासागरातल्या शार्क आणि रे (पाकट) माशांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली. बांगडा, तारली यांचं वेगळं असतं. त्यांची अंडी लाखांच्या घरात. शार्कची मादी वयात यायलाच अनेक वर्षं जातात, पिल्लंही मोजकीच होतात. जाळ्यात गेलेल्यांची भर लवकर निघत नाही. प्रयोगशाळेत पिल्लं तयार करून पुन्हा त्याच जाळ्यांच्या समुद्रात सोडली तर ती ट्रॉलरवाल्याच्याच कामी येणार.

मग खरा प्रश्न असा उरतो: डीएनए वाचल्यानं मासा वाचतो कसा? नुसतं वाचल्यानं नाहीच वाचत. कुणीतरी एखादा निर्णय वेगळा घ्यावा लागतो. कुठं मासेमारी थांबवायची, कुठल्या मालाची निर्यात अडवायची, कुठल्या नर-मादीची पिल्लं कुठल्या पाण्यात सोडायची. त्या निर्णयाला लागणारी जी माहिती डोळ्यांनी मिळत नाही, ती डीएनएमधून मिळते. माझ्याकडे कुणी विषय घेऊन आलं की मी पहिल्यांदा हेच विचारते: निकाल हातात आल्यावर कोण, काय वेगळं करणार? ‘पेपर होईल’ एवढंच उत्तर असेल तर मी विषय बदलायला सांगते. माझ्या या सवयीवर विद्यार्थी नाराज असतात, पण असोत.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे झेब्रा शार्क. हा गरीब स्वभावाचा, समुद्राच्या तळाशी राहून शिंपले-खेकडे खाणारा, लांबलचक शेपटीचा मासा. पिल्लांच्या अंगावर पट्टे असतात, मोठेपणी ठिपके येतात. तो आपल्या भारतीय समुद्रातही आहे आणि जागतिक यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे. इंडोनेशियाच्या राजा अम्पात बेटांभोवती शार्कच्या मासेमारीवर बंदी आली, प्रवाळ सुधारले, बाकीचे काही शार्क परतले. झेब्रा शार्क मात्र परतेना. इतके थोडे उरले होते की नर-मादीची गाठ पडणंच अवघड. दुसरीकडे जगभरच्या मत्स्यालयांत हाच मासा मजेत अंडी घालत होता, आणि ती अंडी बहुतेक वाया जात होती. तेव्हा विचार निघाला की ही अंडी विमानानं राजा अम्पातला न्यायची, तिथं उबवायची, पिल्लं थोडी मोठी करायची आणि सोडायची.

ऐकायला सोपं वाटतं. पण कुठल्या मत्स्यालयातली अंडी? दिसायला सगळे झेब्रा शार्क सारखेच. २००९ च्या एका अभ्यासात मात्र डीएनएवरून दिसलं होतं की या माशाचे दोन मोठे गट आहेत: एक हिंदी महासागर आणि आग्नेय आशियाचा, दुसरा पूर्व इंडोनेशिया ते ओशनियाचा. राजा अम्पात दुसऱ्या गटात येतं. म्हणजे आपल्याकडच्या समुद्रातून आलेल्या जोडीची पिल्लं तिथं सोडणं चूक ठरलं असतं. म्हणून मत्स्यालयातल्या आई-बापांची आधी जनुकीय तपासणी झाली आणि पूर्वेकडच्या वंशाचेच निवडले गेले.

त्यात आणखी एक मेख होती. झेब्रा शार्कची मादी नराशिवायही पिल्लं देऊ शकते. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या मत्स्यालयात एका मादीची आधी नरापासून पिल्लं झाली होती. पुढं नर वेगळा काढल्यावर २०१६ मध्ये तिनं एकटीनंच पिल्लं दिली. अनिषेकजननाचा हा प्रकार वर्गात शिकवायला झकास. पण अशा पिल्लात सगळं आईचंच असतं, वैविध्य फार कमी, आणि ती टिकतातही कमी. म्हणजे अंडं बापाचं आहे की बिनबापाचं हेही डीएनएवरूनच बघायचं. एवढी चाळण लावून मग २०२३ च्या जानेवारीत राजा अम्पातमध्ये पहिली पिल्लं सोडली गेली. इथं जनुकशास्त्रानं मासा तयार केला नाही, निवड करून दिली. आणि हे सगळं शक्य झालं, कारण तिथली मासेमारी आधीच थांबली होती. हा क्रम विसरू नका.

आता हीच गोष्ट आपल्या अंगणात आणते, कारण आपल्याकडे मत्स्यबीज सोडण्याचा सोस मोठा आहे. धरण दिसलं की बीज सोडा, फोटो काढा. महसीर तुम्हाला माहीत असेलच. आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांचा महसीर लोणावळ्याच्या केंद्रात वाढवला गेला, तिथली बोटुकली देशात लांब लांब सोडली गेली, कावेरीतही. कावेरीचा स्वतःचा एक मोठा, पाठीवर उंचवटा असलेला महसीर होता. बाहेरून आलेला मासा तिथं पसरला आणि मूळचा आक्रसत गेला. तो नेमका कुठल्या प्रजातीचा हे शास्त्रीय दृष्ट्या पक्कं झालं २०१८ मध्ये, शरीररचना आणि डीएनए दोन्ही ताडून. आज तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. सोडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पण कुठला मासा कुठल्या पाण्याचा, हे आधी तपासायचं असतं. गोड्या पाण्यात काम करून मला शार्कचं जनुकशास्त्र समजलं ते यामुळेच. प्रश्न तोच आहे, पाणी तेवढं खारट.

गट वेगळे आहेत का, हे शार्कमध्ये शोधणं तुलनेनं कठीण. त्यांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए (पेशीच्या केंद्रकाबाहेर, ऊर्जा बनवणाऱ्या भागात असतो तो) सस्तन प्राण्यांच्या मानानं सात-आठ पट सावकाश बदलतो, हे १९९२ पासून माहीत आहे. त्यामुळे दोन समुद्रांतले नमुने एकसारखे दिसले म्हणजे तो एकच गट, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. ते हल्लीच वेगळे झाले असतील आणि डीएनएमध्ये फरक उमटायला अजून वेळ मिळाला नसेल. उलटंही घडतं: नर लांब लांब फिरतात, माद्या मात्र ठरावीक जागी येऊन वितात. बहामातल्या बिमिनी बेटांवर लेमन शार्कच्या पिल्लांचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला. तिथं जन्मलेल्या काही माद्या चौदा ते सतरा वर्षांनी पिल्लं द्यायला पुन्हा तिथंच आल्या, हे डीएनएवरून २०१४ मध्ये दाखवलं गेलं. यातून निघणारा निर्णय साधा आहे. खारफुटीचा तो एक पट्टा गेला तर शेजारच्या बेटावरून माद्या येऊन जागा भरून काढतील, यावर विसंबता येत नाही. मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो, म्हणून असा माद्यांचा हट्ट त्यात दिसतो. नरांची भटकंती बघायला केंद्रकातला डीएनए लागतो. दोन्ही बघितल्याशिवाय गटांबद्दल ठाम बोलणाऱ्या पेपरकडे मी थोडं तिरक्या नजरेनंच बघते.

किती उरलेत, या प्रश्नाला अलीकडे एक सुंदर उत्तर सापडलंय. समुद्रातले शार्क मोजायचे कसे? प्रौढ तर हातीच लागत नाहीत. पिल्लं लागतात. मग पिल्लांचेच नमुने घ्या आणि त्यांच्यात सावत्र भावंडं किती निघतात ते बघा. डोंगरातल्या एखाद्या वाडीच्या शाळेत कुठलीही दोन पोरं उभी केली तर ती चुलत-मावस निघायची शक्यता जास्त. पुण्यातल्या शाळेत तसं होत नाही. आई-बापांची संख्या जेवढी कमी, तेवढी पिल्लं एकमेकांच्या नात्यातली. हे गणित उलटं सोडवलं की प्रौढांचा आकडा येतो, एकही प्रौढ न पकडता. २०१८ मध्ये याच पद्धतीनं पूर्व ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या पांढऱ्या शार्कचा अंदाज काढला गेला: पूर्वेकडचे प्रौढ साधारण ७५०. एवढ्या मोठ्या समुद्रात! वनखात्याच्या किंवा मत्स्यखात्याच्या माणसापुढं हा आकडा ठेवला की बैठकीचा सूर बदलतो. अट एकच: शेकडो नमुने आणि हजारो जनुकीय खुणा लागतात, म्हणजे पैसा आणि धीर दोन्ही.

नुसतं बादलीभर पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून कुठले शार्क येऊन गेले हेही आता ओळखतात. न्यू कॅलेडोनियात पाण्याच्या मोजक्या नमुन्यांत जितक्या शार्क प्रजाती सापडल्या, तितक्या पाणबुड्यांच्या आणि कॅमेऱ्यांच्या शेकडो फेऱ्यांत दिसल्या नव्हत्या. पण त्यातून ‘आहे’ एवढंच कळतं. किती आहेत ते कळत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सांगलीत बसून काय. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

गंमत बघा, आपल्या कृष्णेचं पाणी पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतं, आणि आपल्या बाजारातली मासळी येते पश्चिमेकडून, घाट चढून. सांगली-मिरज, कराड, सातारा, कुठल्याही मासळी बाजारात ‘मोरी’ मागा, कुणी ‘मुशी’ म्हणेल. ताजी नसेल तर खारवलेली मिळेल. हे सगळे शार्कच, पण एका नावाखाली कित्येक प्रजाती. बंदरावर अख्खा मासा दिसतो, तिथं जाणकार माणूस दात, पंख, डोक्याचा आकार बघून ओळखतो. आपल्यापर्यंत येईतो डोकं गेलेलं, पंख कापलेले. हातात येतो तो गोल तुकडा. कडेला राखाडी कातडी, उलट्या दिशेनं बोट फिरवलं की खरखरते, आणि मधोमध काट्याच्या जागी पांढरी कूर्चा. यावरून प्रजाती कुणाचा बापही सांगू शकणार नाही. इथं बारकोडिंग कामाला येतं: सीओआय जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचायचा आणि आधी ओळख पटलेल्या प्रजातींच्या संदर्भसंचाशी ताडायचा. समुद्रापासून लांबच्या बाजारात नेमकं काय विकलं जातं, छोटी सर्वत्र मिळणारी मुशी की अतिसंकटग्रस्त हातोडी-डोक्याच्या शार्कची पिल्लं, हे बंदरावरच्या नोंदींतून कळत नाही. तुमच्यासाठी तिथं खरोखर जागा आहे.

नमुना कसा घ्यायचा ते नीट ऐका, कारण निम्मी कामं इथंच बिघडतात. मासेवालीच्या कोयत्यावर तुमच्याआधी सुरमई कापलेली असते, ओंडक्यावर कोळंबीचं पाणी असतं. त्यामुळे तुकड्याचा बाहेरचा भाग घ्यायचाच नाही. घरी आणून नव्या ब्लेडनं आतला मांसाचा कण काढा, हरभऱ्याएवढा पुरे. मोठा तुकडा घातला की अल्कोहोल आतपर्यंत जात नाही आणि मधला भाग सडतो. अल्कोहोल म्हणजे ९५ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल. दुकानातलं स्पिरिट नको, आणि फॉर्मलिन तर अजिबात नको, त्यानं डीएनए बाद होतो. मांसातलं पाणी अल्कोहोल पातळ करतं, म्हणून दुसऱ्या दिवशी ते एकदा बदला. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि मग तुमच्याकडे राहतात बिननावाच्या बाटल्या. शार्कच्या अंगात युरिया भरपूर असतो, जुन्या मोरीला अमोनियाचा वास येतो तो त्याचाच. तो नीट धुतला गेला नाही तर पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची प्रक्रिया, रुसते. खारवलेल्या तुकड्याला घाबरू नका, मीठ डीएनए बऱ्यापैकी टिकवतं. मात्र उन्हात फार वाळलेल्या मालात तुकडे आखूड होतात, तिथं ६५० चा हट्ट न धरता दीडशे-दोनशे अक्षरांचा छोटा बारकोड घ्यावा.

कॉलेजात पीसीआरचं यंत्र चालू स्थितीत असलं की निम्मं काम तिथंच होतं. डीएनएचा क्रम वाचून घ्यायला नमुने कुरिअरनं बाहेर पाठवायचे, एकेका नमुन्याला काही शे रुपये पडतात. निकाल आला की संगणक ‘९९ टक्के जुळलं’ म्हणून एक नाव पुढं करतो. त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. सार्वजनिक संचात चुकीच्या नावानं चढवलेले क्रम असतात. काही जवळच्या प्रजाती सीओआयवरून वेगळ्या काढताच येत नाहीत. गॅलापागोस शार्क आणि डस्की शार्क ही नेहमीची जोडी. काही जोड्यांना एनडी-२ हे दुसरं जनुक उपयोगी पडतं, या जोडीला तेही पुरत नाही. आणि तरी उलगडा झाला नाही तर ‘या दोनपैकी एक’ असं सरळ लिहा. यात कमीपणा काही नाही.

कायद्याची बाजू मात्र बाजारात पाऊल टाकण्याआधीच. आपल्याकडे २००१ पासून व्हेल शार्क, गंगा शार्क, करवत मासे अशा शार्क-रे कुळातल्या काही प्रजाती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या, परिशिष्टात आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर संरक्षित प्रजातींची यादी वाढली. तुम्ही तुकडा घेता तेव्हा तो कशाचा ते तुम्हाला माहीत नसतं. निकाल पहिल्या परिशिष्टातला आला तर तो कण तुमच्या फ्रिजमध्ये असणं हाच प्रश्न होऊन बसतो. हे कल्पनेतलं नाही: जवळजवळ दिसेनासा झालेला गंगा शार्क २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर उतरलेल्या मासळीत होता. म्हणून मार्गदर्शकांमार्फत वनखात्याकडे आधी लेखी अर्ज द्या. अशी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकांकडून येते. नमुने परदेशी सहकाऱ्याला पाठवायचा विचार असेल तर जैवविविधता कायदा आडवा येतो, त्याची वेगळी मंजुरी लागते. आणखी एक. मासेवालीला विश्वासात घ्या, काय करताय ते सांगा, पण अहवालात तिचं नाव किंवा गाळ्याचा नंबर घालू नका. तिनं घाटाखालून आलेला माल विकलाय, शार्क तिनं मारलेला नाही.

या कामाची मर्यादाही सांगते. बाजारातल्या तुकड्यावरून प्रजाती कळेल, पण तो कुठल्या समुद्रात पकडला हे सांगता येईलच असं नाही. टेम्पोवाला ‘रत्नागिरीचा माल’ म्हणेल, पण ट्रॉलर कुठवर गेला होता ते त्यालाही ठाऊक नसतं. काही प्रजातींचा जगभरचा नकाशा तयार आहे, तिथं हे जमतं; हाँगकाँगच्या बाजारातले हातोडी-डोक्याच्या शार्कचे काही पंख थेट पश्चिम अटलांटिकपर्यंत माग काढून दाखवले गेलेत. आपल्या किनाऱ्याच्या बहुतेक प्रजातींना आधी तसा नकाशा हवा, आणि त्यासाठी अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर दोन्हीकडचे, जागेची पक्की नोंद असलेले नमुने लागतील. ते एकट्यादुकट्याच्या आवाक्यातलं काम नाही. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, लखनौची मत्स्य जनुकीय संसाधनांची राष्ट्रीय संस्था, मुंबईची मत्स्य शिक्षण संस्था, हैदराबादची संकटग्रस्त प्रजातींची प्रयोगशाळा, अशा ठिकाणी या दिशेनं कामं होतात. उन्हाळी प्रशिक्षणासाठी तिथं अर्ज करायला हरकत नाही.

राहिला पोटाचा प्रश्न. फक्त शार्कवर पगार देणाऱ्या जागा देशात मोजक्या आहेत, आणि त्यावर भरवसा ठेवून घरच्यांना काही कबूल करू नका. पण डीएनए काढणं, प्रायमर बसवणं, क्रम वाचणं, संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रामिंग, हे एकदा हातात बसलं की ते माशापुरतं राहत नाही. द्राक्षाच्या रोगांची तपासणी, बियाण्यांची शुद्धता, रोगनिदान, सगळीकडे हीच यंत्रं आणि हीच गणितं. त्यातही संगणकाची बाजू जास्त लक्ष देऊन शिका, असं मी म्हणेन. प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचा कच्चा डेटा बहुतेक वेळा फुकट उपलब्ध असतो, तो विट्यात घरी बसून उतरवता येतो. परवानगीचं पत्र फिरून यायला वेळ लागणारच आहे. तोवर लेमन शार्क किंवा झेब्रा शार्कचा एखादा जुना डेटा घेऊन त्यांचा निष्कर्ष तुमच्याकडेही तसाच येतो का ते करून बघा. आणि उद्या कॉलेजात गेल्यावर आधी पीसीआरचं यंत्र चालू आहे की कपड्याखाली झाकून ठेवलंय, ते विचारून घ्या.